दाराखालचं वेळापत्रक

पहिल्या दिवशी मी पट्टी घेऊन रेघा मारल्या,
जहाजाच्या भटारखान्यात लावतात तसा तक्ता:
साडेसहाला उठणे. सातला पाढे, एकोणीसपर्यंत.
आठला पेज. नऊ ते साडेदहा गणित.
अकराला इंग्रजीचं एक पान, मोठ्याने,
म्हणजे भिंतीपलीकडे मला ऐकू येईल.
दुपारी झोप नाही. चारला चित्र.
खाली सही केली, तारीख घातली
आणि कागद दाराखालून सरकवला.

बाहेर पंचायतीचा स्टिकर आहे.
वाटेने जाणारे तो दुरून वाचतात
आणि गडग्याला वळसा घालतात.
साडेआठ महिने समुद्रावर काढून
मी आता चोडणच्या माझ्याच घरात,
मागच्या खोलीत, सोललेल्या नारळांशेजारी.
सात पावलं लांब, पाच रुंद.
सुलक्षा ताट ठेवते, दोनदा कडी वाजवते
आणि मागे सरते.
तिच्या पायांचा आवाज मी ओळखायला शिकतोय.

तासाभराने कागद परत आला.
'बाबा, मी सहावीत नाही, सातवीत आहे.
परीक्षा न घेताच सगळ्यांना वर घातलं.
पाढे चौथीतच झाले.'
लाल पेनाने. वर 'इंग्रजी'तली वेलांटी
गोल करून दाखवली होती. माझी चूक.

त्या रात्री बोटांवर मोजत बसलो:
मयुशीच्या बारा वर्षांत माझी किती?
चवथीला घरी होतो तो एकदाच,
तेव्हा तिला दात येत होते.
बाकी तुकडे. तीन आठवडे, दोन महिने,
एकदा नुसते नऊ दिवस.
पहाटे तीन हजार माणसांचा नाश्ता लावणारा मी,
तिचा डबा एकदाही भरला नाही.

दुसऱ्या दिवशी रेघा पेन्सिलने मारल्या.
गणिताचा अर्धा तास कापला,
'आवडेल ते' असा एक रकाना ठेवला.
परत आला तेव्हा त्यात एवढंच:
'आवडेल ते म्हणजे तुला की मला?'

मी उत्तर दिलं नाही.
उत्तर नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी कागद तिच्याकडून आला, माझ्या आधी.
त्यात घड्याळ कुठेच नव्हतं.
'पोदेराचा भोंपू वाजला की उठणे, आधी नाही.
सुकती लागली की गडग्यावर बसून
मानशीकडच्या चिखलातले बगळे मोजणे,
वहीत लिहिणे, खंड्या दिसला तर वेगळा.
भरती चढली की गणित.
आईला फोन लागला की इंग्रजी,
कारण तेव्हा फोन मला मिळत नाही.
भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते, बाबा.
मग गणितालाच का नऊला बांधून ठेवायचं?'

चौदा वर्षं मी पाण्यावर आहे.
पण भटारखाना पाण्याच्या रेषेखाली असतो,
त्याला खिडकी नसते.
भरती मला कधी दिसलीच नाही;
जहाज वर उचललं गेलं तर
डाळीच्या पातेल्यातली रेघ तिरपी व्हायची, तेवढंच.

कागदाच्या पाठीमागे माझ्यासाठी अभ्यास होता:
'आज भरती सहा चाळीसला होती.
तुझं दार चौदाव्या दिवशी उघडणार.
तेव्हा तीच भरती किती वाजता?'

पेन्सिलीला टोक काढायला काही नव्हतं,
नारळाच्या कोयतीने काढलं.
अकरा दिवस, गुणिले पन्नास.
पाचशे पन्नास मिनिटं, म्हणजे नऊ तास दहा.
चाराला दहा कमी.
दोनदा ताळा केला.
मग ध्यानात आलं,
तिच्या तक्त्याप्रमाणे दार उघडेल तेव्हा
गणिताचा तास चालू असेल.

उत्तर लिहिलं, रीतही दाखवली,
कारण रीत नसली तर ती गुण कापणार
हे एव्हाना मला कळलं होतं.

कागद सरकवला. पलीकडे बराच वेळ शांतता,
मग पेनाचा करकर आवाज.

दहापैकी नऊ.
एक अक्षरासाठी गेला.